या आठवड्याचे पान

१९९३ साली अधिक भाद्रपद आला होता. त्यामुळे अनंत चतुर्दशी लांबली आणि २९ सप्टेंबरला आली. गणपती बोळवून सास्तूर गाव रात्री उशिरा झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि काही क्षणांत सास्तूर, किल्लारी आणि तेरणा नदीच्या खोऱ्यातली कितीतरी गावे ढिगाऱ्याखाली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली.

माणसे मारली ती घरांनी. काळा दगड चिखलात रचून उभ्या केलेल्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचे माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर आणखी माती टाकायची, म्हणजे छत दरवर्षी थोडे जड होत जायचे. उन्हाळ्यात या घरात शिरले की जीव थंड व्हायचा. ज्या छताने पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले तेच त्या पहाटे अंगावर आले. पुढे कित्येक महिने या भागातली माणसे पक्क्या छताखाली झोपायला धजावत नव्हती. पत्र्याचे शेड, ताडपत्री, शेतातली कडब्याची कोप, जे हलके तेच भरवशाचे वाटू लागले.

त्याच रात्री, त्याच चंद्राखाली, याच महाराष्ट्रात एक छोटा मराठी समाज मुद्दाम पक्के छत सोडून पानांच्या मांडवात जेवायला बसला होता. ज्यू दिनदर्शिकेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. २९ सप्टेंबरचा सूर्य मावळला तेव्हा त्यांच्या तिश्री महिन्याची पंधरावी तिथी लागली. ती सुक्कोथची, म्हणजे मराठी बायबल ज्याला मंडपांचा सण म्हणते त्याची पहिली तिथी. आणि ३० तारखेच्या सकाळी, सास्तूरमध्ये माणसे हातांनी दगड उपसत होती तेव्हा, जगभरच्या सिनेगॉगांत, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांत, तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातला जो उतारा वाचला गेला त्यात सात दिवस मांडवात राहण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही आहे: आपले पूर्वज घरावाचून वाळवंटात राहिले होते हे पुढच्या पिढ्यांना कळावे.

या योगायोगात कुठला संकेत शोधू नये. तो उतारा त्या दिवशी वाचायचा हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरले होते, आणि भूकंपाला दिनदर्शिका माहीत नसते. तरीही सास्तूरची तारीख त्या पानाशेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. पान आधीपासून ठरलेले असते. त्याच्यासमोर रोज नवे येऊन बसते ते आपले आयुष्य. ज्यू कुटुंबे दर आठवड्याला तोरा वाचतात ती याच रीतीने, आणि ही रीत आपल्याच भाषेत, आपल्याच कोकणात, पुण्यात आणि मुंबईत नांदली आहे.

वर्षाचे चौपन्न भाग

तोरा म्हणजे मोशेच्या नावाने ओळखली जाणारी पाच पुस्तके. मराठी बायबलात त्यांची नावे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. या पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडले आहेत. एका भागाला पाराशा म्हणतात. साध्या वर्षात शनिवार ५४ पेक्षा कमी पडतात, म्हणून काही आठवड्यांत दोन भाग जोडून वाचतात. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. अधिक महिना आला की जोडलेले भाग पुन्हा सुटे होतात. शरद ऋतूत, सुक्कोथला लागूनच, वाचन संपते. त्या दिवसाला सिम्हाथ तोरा, म्हणजे तोराचा आनंद, असे नाव आहे. शेवटच्या भागात मोशे मरतो. वचन दिलेली भूमी त्याला डोंगरावरून दिसते, पण तिथे त्याचे पाऊल पडत नाही. हा भाग संपवून कोणी घरी जात नाही. त्याच बैठकीत दुसरी गुंडाळी उघडतात आणि उत्पत्तीची पहिली ओळ सुरू करतात. ग्रंथ मिटला आणि कपाटात गेला, असा दिवस या परंपरेत येतच नाही.

आपल्याकडे पारायण करणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. सात दिवसांत ज्ञानेश्वरी पुरी करणारा सप्ताह, शेवटी काला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरुवात. फरक वेगाचा आहे. पारायणात सात दिवस सगळे बाजूला ठेवून वाचतात. पाराशा मात्र कामाच्या आठवड्यात मुरत जाते. शनिवारी दुपारच्या प्रार्थनेत पुढच्या आठवड्याच्या भागाची सुरुवात वाचतात, सोमवारी आणि गुरुवारी तीच पुन्हा, आणि मग पुढच्या शनिवारी सकाळी पूर्ण भाग. सोमवार आणि गुरुवारच का? हे पुरातन काळचे बाजाराचे वार. खेड्यांतली माणसे गावात यायची तो दिवस वाचनाचा. ज्याला तेरणाकाठचा आठवडी बाजार ठाऊक आहे त्याला या योजनेतले शहाणपण वेगळे सांगायला नको. बाजाराला आलेला माणूस ज्वारी विकून, मीठ-मिरची घेऊन जाता जाता चार ओळी ऐकून जाई.

शनिवारच्या वाचनासाठी सात जणांना एकामागून एक बोलावतात. वाचन चामड्याच्या गुंडाळीवरून होते. ती लेखनिक हाताने लिहितो. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात, आणि एक अक्षर जरी पुसले तरी दुरुस्त होईपर्यंत त्या गुंडाळीवरून वाचत नाहीत. अक्षरांना कोणी बोट लावत नाही. टोकाला छोटा हात असलेली चांदीची काडी ओळीवरून फिरवतात. गुंडाळीत स्वरांच्या खुणा नाहीत, विरामचिन्हे नाहीत, चाल कुठे चढवायची तेही लिहिलेले नाही. मोडी वाचणाऱ्या जुन्या कारकुनाला ऱ्हस्व-दीर्घ जसे मनाने भरावे लागत तसा वाचणाऱ्याला प्रत्येक स्वर आठवणीतून भरावा लागतो. म्हणून तेरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा समाजापुढे वाचायला उभा राहतो त्याआधी कित्येक महिने त्याची तयारी चालते. आणि त्याच्या वाट्याला येणारा भाग त्याने निवडलेला नसतो. जन्मतिथीच्या आठवड्याला जो भाग पडेल तो त्याचा. कोणाला प्रलय मिळतो, कोणाला समुद्र दुभंगल्याची गोष्ट, कोणाला त्वचारोगाचे कंटाळवाणे नियम. तोही भाग त्याने आपला मानून शिकायचा असतो.

शनिवार तेली

ही वाचनाची परंपरा महाराष्ट्रात ज्यांनी जपली त्या बेने इस्रायलांची गोष्ट मात्र गुंडाळी हरवण्यापासून सुरू होते. समाजाची आठवण सांगते की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. वाचले ते सात पुरुष आणि सात स्त्रिया. ग्रंथ समुद्रात गेले. भाषा विसरली, लिपी विसरली. उरली ती शेमा नावाची एक छोटी प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही नियम, आणि शनिवार. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना शनिवार तेली असे नाव दिले. दिवेकर, पेणकर, केहिमकर, राजपूरकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून पडली. सणांची नावेही त्यांनी मराठीत घडवली. वर्षारंभाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या कडक उपवासाला दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसत, आणि मंदिर जळाल्याच्या शोकदिनाला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी बिरडे खात.

मला या नावांत मोठी गोष्ट दिसते. ग्रंथ हाती नसताना हा समाज दिनदर्शिका जगत राहिला. कुठल्या दिवशी काय करायचे ते स्वयंपाकघराला पाठ होते, का करायचे ते सांगणारे पान तेवढे गेले होते. एकोणिसाव्या शतकात ते पान हळूहळू परत आले. कोचीनहून शिकवणारे आले. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत शआर हारहमीम हे सिनेगॉग उभारलेच होते. पुढे अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल इथेही सिनेगॉग झाली. समाज त्यांना मशीद म्हणे, तर पुण्यातले सॅसूनांनी बांधलेले ओहेल डेव्हिड सगळ्या शहराला लाल देऊळ म्हणून माहीत झाले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरोघर वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या हग्गादेतल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करायला बसलेल्या बायका महाराष्ट्रीय पेहरावात आहेत. मिसरातून सुटकेची गोष्ट वाचताना मुलीला त्या पानावर आपली आजी दिसत असणार.

तरी हिब्रू सगळ्यांना येत नव्हती. तोराच्या गोष्टी घरातल्या बायकांपर्यंत आणि मुलांपर्यंत कशा न्यायच्या, या प्रश्नाला समाजाने जे उत्तर काढले ते अस्सल मराठी होते. १८८० च्या सुमारास बेने इस्रायल मंडळींनी कीर्तन सुरू केले. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी, सगळे आपल्या कीर्तनातले, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे, एस्तेरचे. शनिवारी गुंडाळीवरून जे कानावर पडले आणि कळले नाही ते कीर्तनात मराठीत रडवून, हसवून, पुन्हा भेटत असे.

शुक्रवारची संध्याकाळ

पाराशा सिनेगॉगात वाचली जाते, पण ती घरात उतरते शुक्रवारी रात्री. सूर्य मावळायच्या आत घरातली बाई दिवे लावते. बेने इस्रायल घरांत काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल आणि त्यात वात, असा दिवा जुन्या चालीचा. द्राक्षाचा रस महाग किंवा मिळत नसे त्या काळापासून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचे सरबत करतात आणि त्यावर आशीर्वाद म्हणतात. मनुका सकाळीच पाण्यात पडलेल्या असतात, म्हणजे शनिवारची चाहूल घराला स्वयंपाकघरातून लागते. जगभर अनेक ज्यू घरांत मग आई किंवा वडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात. मुलाला म्हणायचे शब्द उत्पत्तीच्या शेवटच्या भागातले, म्हाताऱ्या याकोबाने नातवंडांना दिलेले. त्यापुढचे गणना या पुस्तकातले, याजकांचा आशीर्वाद. दोन्ही वाक्ये वर्षातून एकदाच त्यांच्या त्यांच्या आठवड्याला वाचली जातात, पण लेकरांच्या डोक्यावर दर शुक्रवारी उतरतात. सिनेगॉगात प्रार्थना संपली की बेने इस्रायल एकमेकांचे हात हातात घेऊन मग आपली बोटे ओठांना लावतात. याला ते हाथबोशी म्हणतात. म्हातारा तरण्याशी, तरणा लेकराशी, सगळे सगळ्यांशी.

मग जेवणात बोलणे निघते ते आठवड्याच्या भागावर. समजा डिसेंबर आहे आणि योसेफाची पाराशा चालू आहे. याकोबाला बारा मुलगे, पण योसेफावर जीव जास्त. त्याला एकट्याला तो सुंदर झगा शिवतो. भाऊ आतून जळतात, त्याला खड्ड्यात टाकतात, व्यापाऱ्यांना विकतात आणि झगा रक्तात भिजवून बापापुढे टाकतात. तालमूद या जुन्या ज्यू ग्रंथातल्या शिक्षकांनी यावरून आईबापांना रोखठोक सांगून ठेवले आहे: एका लेकराला दुसऱ्यापेक्षा जास्त देऊ नका, दोन नाण्यांच्या वजनाइतक्या जादा रेशमापायी आपले पूर्वज मिसरच्या गुलामीत पडले. ज्या घरात या महिन्यात थोरल्याला मोबाइल घेतला आणि धाकट्याला नाही, त्या घरात हे पान जेवताना उघडले तर काय होईल? कोणाला कोणावर बोट दाखवावे लागत नाही. बापाला आपोआप याकोब आठवतो. धाकटा योसेफाच्या भावांची बाजू घेऊन बोलतो आणि बोलता बोलता स्वतःचे बोलून जातो. नेमून दिलेल्या वाचनाचा हा मोठा गुण आहे. विषय कोणी काढलेला नसतो, तो आठवड्याबरोबर आलेला असतो, म्हणून त्यावर सगळ्यांना बोलता येते.

किंवा आषाढातला पिन्हासचा भाग घ्या. सलाफहाद नावाचा माणूस मुलगा नसताना मेला. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सगळ्या समाजापुढे मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव जमिनीवरून का पुसावे, आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर सुचले नाही, त्याने ते देवाकडे नेले. उत्तर आले की मुली बरोबर बोलतात. पण गोष्ट इथे संपत नाही. एक-दोन आठवड्यांनी, गणनाच्या शेवटच्या भागात, भावकीतले कर्ते पुरुष तक्रार घेऊन येतात. या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आपली जमीन परक्यांकडे जाईल. मग अट येते, मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे.

ही दोन पाने धाराशिवमधल्या कुठल्याही शेतकरी घरात वाचून दाखवा. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला. देशाने तो २००५ मध्ये दिला. भूकंपातून सावरणाऱ्या तेरणाकाठच्या लेकींना तो मिळाला. पण हक्क मिळाला तसे हक्कसोडपत्रही आले. राखी बांधायला माहेरी आलेल्या बहिणीची त्यावर सही घेण्याची रीत आपल्या भागात कोणाला नवीन नाही. मुलींचे म्हणणे बरोबर, पण जमीन बाहेर जाता कामा नये, हा भावकीचा युक्तिवाद तीन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. पाराशा दोन्ही बाजू आपल्या पानावर ठेवते आणि दरवर्षी आषाढात पुन्हा विचारायला लावते. विसरायला मुभा देत नाही.

लेवीयातला एक भाग सांगतो की, पीक काढताना शेताचे कोपरे सोडा, खाली पडलेली कणसे उचलू नका, ती गरिबाची आणि परक्याची. आपल्याकडे सुगीत सरवा वेचायला येणाऱ्या बाईला ज्याने हटकले नाही, त्याला हे पान समजावून द्यावे लागत नाही.

दोन पाने, एक घर

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे अडीच हजार ज्यू उरले होते. २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या बऱ्याच सिनेगॉगांत सामूहिक वाचनाला लागणारे दहा पुरुष एरवी जमत नाहीत, सणाला मुंबईहून माणसे येतात तेव्हा गुंडाळी उघडते. तिकडे अश्दोद, दिमोना, लोद या शहरांत मराठी बोलणारी आजी आणि हिब्रू बोलणारी नातवंडे एका टेबलाशी बसतात. मायबोली नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघाले.

घर असे दोन देशांत वाटले गेले की जोडणारे काय उरते? इथे पाराशेचा हिशेब कामाला येतो. ठाण्यातला भाऊ आणि अश्दोदमधली बहीण फोनवर बोलतात तेव्हा बहुतेक आठवडे दोघांपुढे तोच भाग असतो. कधीतरी मात्र पान सरकते. वल्हांडण भारतात आठ दिवसांचा आणि इस्रायलमध्ये सात दिवसांचा. आठवा दिवस शनिवारी पडला की इस्रायल नेहमीचा भाग पुढे वाचून मोकळे होते आणि बाहेरचे ज्यू एक आठवडा मागे राहतात. २०२२ साली असेच झाले. वल्हांडणापासून जुलैअखेरपर्यंत भाऊ आणि बहीण एकेका आठवड्याच्या अंतराने चालत होते. मग भारतात दोन भाग जोडून वाचले आणि पान पुन्हा जुळले. परंपरेने जुळवायची सोय आधीच करून ठेवली होती. मला या तपशिलात फार धीर वाटतो. मागे पडलेल्याला गाठता येईल अशी जागा ज्या वेळापत्रकात ठेवलेली असते तेच घरांना पेलते.

कोप आणि सुक्का

सुक्कोथच्या मांडवाचे नियम नेमके आहेत. त्याला सुक्का म्हणतात. छत जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचे हवे. फांद्या, पाने, बांबू चालतील, पत्रा किंवा कापड चालणार नाही. सावली उन्हापेक्षा जास्त पडावी, पण छत इतके दाट नको की जोराचा पाऊस आत येणार नाही, आणि रात्री वर पाहिले तर तारे दिसावेत. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या बेने इस्रायलांच्या सिनेगॉगाचे नावच सुक्कथ शेलोमो, शलमोनाचा मांडव. सणात पक्क्या घरातून उठून माणसे या कच्च्या छताखाली जेवतात. आपल्या भिंती जाड आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा भ्रम वर्षातून सात दिवस बाजूला ठेवायचा.

लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्याला अशी खोपी ठाऊक आहे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आमच्याकडच्या येळवसीला, गावे ओस पडतात आणि शिवार भरते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, आंबील आणि उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग ज्याला कोणी वाटेने दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचे. सुक्कोथलाही पाहुण्याला मांडवात बोलावणे हा सणाचाच भाग आहे. अब्राहाम तंबूच्या दाराशी बसून उन्हातून येणाऱ्या अनोळखी तिघांकडे धावला, ही गोष्ट ज्या आठवड्यात वाचतात तो सुक्कोथनंतर जेमतेम महिन्याभराने येतो.

१९९३ सालच्या त्या दिवसांकडे शेवटचे एकदा पाहू. ३० सप्टेंबरला मांडवांचे पान. ८ ऑक्टोबरला सिम्हाथ तोरा: मोशे मेला आणि त्याच बैठकीत जगाची उत्पत्ती सुरू झाली. १६ ऑक्टोबरच्या शनिवारी नोआहची पाराशा: प्रलय ओसरला, थोडी माणसे वाचली, आणि नोआह मातीत उतरून शेती करू लागला. ही पाने कोणी सास्तूरसाठी निवडली नव्हती, आणि वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना सास्तूर कुठे आहे हेही माहीत नसेल. त्याच ऑक्टोबरात सास्तूरच्या शिवारात, ढिगाऱ्यातून बाहेर काढलेली भांडी चुलीवर चढवून, वाचलेली माणसे रब्बीच्या पेरणीचा विचार करत होती. ज्वारी पेरायची वेळ टळून चालणार नव्हते.

तुमच्या घरात कुठलाही ग्रंथ असो, गाथा, ज्ञानेश्वरी, कुराण, बायबल किंवा साने गुरुजींचे पुस्तक, त्याचे वर्षाच्या आठवड्यांइतके भाग पाडा. आवडीप्रमाणे निवडू नका, क्रमाने घ्या. आठवड्यातून एकदा, जेवणाआधी, घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याला मोठ्याने वाचायला सांगा. परगावी असलेल्यांना तेच पान फोनवर कळवा. पहिल्या वर्षी ते पुस्तक असेल. दुसऱ्या वर्षी तेच पान पुन्हा समोर येईल तेव्हा मागच्या वर्षी त्या टेबलाशी कोण बसले होते ते आठवेल.